डी अँझा कॉलेजला सीआयएसचे (कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स) कोर्स कुणी केलेत का?

प्रेषक: नवीन मेंबर, सनीव्हेल

नमस्कार मंडळी,

लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही नाशिकचे, मी बीकॉम, लग्नाआधी एका सीएंकडे टॅलीवर काम करायचे, आता इकडे एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१ वर्क व्हिसामुळे बायकोला मिळतो तो व्हिसा) घरी. नवऱ्याचं ग्रीन कार्ड अजून पर्मच्याच (लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे पहिल्याच) स्टेजला आहे. मुलगी ऑगस्टपासून किंडरगार्टनला जाईल, मग सकाळ मोकळी मिळेल, तर डी अँझा या क्युपर्टिनोच्या कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) प्रोग्रामिंग शिकावं असं डोक्यात आहे, अगदी शून्यापासून. त्यासाठी एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसा, करावा लागतो का? फी किती पडते? सी++ घ्यावं की पायथन? नवरा म्हणतो यूट्यूबवर सगळं फुकट आहे, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या एकीने तर नाकच मुरडलं, म्हणे कम्युनिटी कॉलेज म्हणजे इकडचं आयटीआय. कुणी केलं असेल तर खरं काय ते सांगा प्लीज.

---

प्रेषक: क्युपर्टिनोची ताई

अगं, एफ-१ बिफ-१ काही करू नकोस. एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, पार्ट टाइम घे, फुल टाइम घे, कुणी विचारत नाही. मीही एच-४ वरच केलं सगळं.

आधी रेसिडन्सीचं बघ, कारण फीचा सगळा खेळ तिथे आहे. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहणं झालं असेल आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दाखवता येत असेल तर एच-४ वाल्यांनाही रेसिडंट फी लागते. डी अँझा क्वार्टर सिस्टिमवर आहे, तिथे युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ३१ डॉलर, प्रोग्रामिंगचा कोर्स साडेचार युनिटचा, म्हणजे १३९ डॉलर ५० सेंट, वर थोड्या किरकोळ फी आणि पुस्तक. मिशन किंवा ओलोनी ही कॉलेजं सेमिस्टरवर आहेत, तिथे युनिटला ४६. नॉन-रेसिडंट झालीस तर हाच आकडा कित्येक पट होतो, म्हणून लीज, ड्रायव्हिंग लायसन्स, स्टेटचा टॅक्स रिटर्न हे सगळं एका फोल्डरमध्ये काढून ठेव. लीजवर फक्त नवऱ्याचं नाव असतं बऱ्याच जणींच्या घरी, तेवढं आजच बघ.

> नवरा म्हणतो यूट्यूबवर सगळं फुकट आहे

आहेच. पण यूट्यूब तुझा प्रोग्रॅम वाचून मार्क कापत नाही ना. माझ्या वेळी सी++च्या कोर्सची २२ए, २२बी, २२सी अशी ओळ होती, आधीचा पास झाल्याशिवाय पुढचा घेता यायचा नाही. २२ए मध्ये लूप, फंक्शन, ॲरे, फाइल वाचणं, ते जमतं सगळ्यांना. २२बी मध्ये पॉइंटर आणि क्लास येतात आणि तिथे वर्ग रिकामा व्हायला लागतो. २२सी म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स, लिंक्ड लिस्ट, ट्री, हॅश टेबल, आणि शेवटी ग्रुप प्रोजेक्ट, आमच्या ग्रुपमध्ये एक हायस्कूलचा मुलगा, एक रात्री रेस्टॉरंटमध्ये काम करणारी व्हिएतनामी बाई आणि एक रिटायर्ड हार्डवेअर इंजिनिअर, आणि सगळ्यात बरा कोड त्या पोराचा. क्वार्टर बारा आठवड्यांचा असतो म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म येऊन उभी राहते, मुलीला ताप आला की एक होमवर्क गेलाच समज, त्यामुळे पहिल्या क्वार्टरला एकच कोर्स घे. एकच. दोन घेते म्हणशील, सगळ्याच म्हणतात.

सर्टिफिकेटच्या मागे लागू नको, तुझ्याकडे डिग्री आहे. मला इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट कुणी विचारलं नाही, २२सीचा प्रोजेक्ट मात्र बोर्डवर काढून दाखवायला लावला होता.

पायथन की सी++? सी++ने सुरू कर. पायथन नंतर आपोआप येतं.

---

प्रेषक: फ्रीमाँटचे काका

ताईंचं बरंचसं पटलं, शेवटचं नाही. बीकॉम आणि टॅली हाताशी असलेल्या मुलीने पॉइंटरमध्ये वर्ष कशाला घालवावं? मी डेटाबेसमध्ये केस पांढरे केलेत म्हणून सांगतो, तिने आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) घ्यावं, डी अँझाला सीआयएस ६४बी आहे. लेजर, व्हाउचर, पार्टी मास्टर, हे सगळं म्हणजे एकमेकांना जोडलेली टेबलंच असतात, तिला ती आधीच पाठ आहेत, नुसती क्वेरी लिहायला शिकायचंय. इन्फर्मेशन सिस्टिम्स म्हणजे तरी काय हो, कंपनीचा पैसा आणि माल कुठून कुठे जातो ते कळणं आणि ते मशीनमध्ये बसवणं. कोड लिहिणारे ढिगाने मिळतात, आणि आता तर चॅटजीपीटीही लिहून देतो, पण बिल दोनदा पोस्ट झालंय हे रिपोर्ट बघून ओळखणारं माणूस आमच्या ऑफिसात आजही शोधावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, नीट वाच पोरी. एच-४ वर काम करायला ईएडी, म्हणजे वर्क परमिट, लागतं, ते २०१५च्या मेपासून मिळतंय पण त्यासाठी नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डची पर्मनंतरची पायरी) मंजूर हवं किंवा एच-१ सहा वर्षांपुढे वाढलेला हवा. तुमचं पर्मच चालू आहे म्हणजे वेळ आहे. तोपर्यंत कॉलेजच्या लॅबमध्ये ट्यूटर म्हणून पगारी काम देऊ केलं तरी घ्यायचं नाही, कॅम्पसवरचं काम एफ-१ वाल्यांना चालतं, एच-४ ला नाही. आणि कुणी "फुकट इंटर्नशिप कर, अनुभव मिळेल" म्हणालं तर वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नको.

---

प्रेषक: क्युपर्टिनोची ताई

काका, ६४बी तिने घ्यावंच, पण नुसत्या एसक्यूएलवर ती रिपोर्ट काढून देणारी बाई होऊन बसेल, मग सगळे तिच्याकडे फक्त एक्सेल मागायला येणार. २२ए तरी आधी होऊ दे. आणि चॅटजीपीटीचं म्हणाल तर आमच्या परीक्षेत कागदावर पेनाने कोड लिहायला लावायचे, तेव्हा ते आचरट वाटायचं, आता बरं झालं वाटतं.

---

प्रेषक: सांता क्लाराहून एक आई

मी सहसा लिहीत नाही, पण ते आयटीआय वाचलं आणि राहवलं नाही. (शिवाय आयटीआयला नावं का ठेवायची? माझे मामा आयटीआयचे टर्नर, त्यांच्या पगारावर आमची तीन लग्नं झाली.)

माझा मुलगा हायस्कूलनंतर डी अँझाला गेला. गणपतीत कुणी विचारलं की मी हळू आवाजात सांगायचे, कारण शेजारीच कुणाची तरी स्टॅनफर्डवाली उभी असायची. तो मात्र मजेत. स्टीव्ह वॉझ्नियाकही बर्कलीला जायच्या आधी इथेच शिकलाय, आणि २४ जानेवारी १९८४ला पहिला मॅकिंटॉश लोकांना दाखवला तोही डी अँझाच्याच फ्लिंट सेंटरमध्ये, हे मला मुलानेच ऐकवलं, मी तोंड पाडून बसले होते तेव्हा.

ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांच्यासाठी लिहिते. असिस्ट नावाची वेबसाइट आहे, तिथे कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) कुठल्या कोर्सच्या जागी चालतो ते मेजरप्रमाणे दिसतं. ती पहिल्याच क्वार्टरला बघा, दुसऱ्या वर्षी नको, कारण सीआयएसचे सगळे कोर्स सीएस (कॉम्प्युटर सायन्स) मेजरला चालतातच असं नाही, आणि गणिताची ओळ लांब असते. टॅग म्हणून एक ट्रान्स्फरची, म्हणजे इथून पुढे युनिव्हर्सिटीत जागा मिळायची, हमी मिळते, ती सहा यूसींना आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला नाही. आणि सहा ठिकाणीही सगळ्या मेजरना नाही, सीएसचं तर दर वर्षी बघूनच घ्यायचं. काउन्सेलरची अपॉइंटमेंट लवकर घ्या, ट्रान्स्फरच्या सीझनला मिळता मिळत नाही.

आणि एच-४ वरच्या मुलांच्या आयांनो, २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, दोन वर्षं इथे आणि दोन वर्षं तिथे असा हिशोब करताना ते वय मध्येच येतं. वकिलाशी आधीच बोला.

---

प्रेषक: नवीन मेंबर, सनीव्हेल

बाप रे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. लीज बघितली, खरंच फक्त ह्यांचंच नाव आहे, ऑफिसमध्ये जाऊन माझं घालायला सांगितलंय. बँकेचं खातं आणि लायसन्स दोन्ही माझ्या नावावर आहेत, आणि टॅक्स आम्ही जॉइंट भरतो. काका, एसक्यूएल विंटर क्वार्टरला घेईन, नक्की. ताई, आधी २२एच. पुणे विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट काढायला भावाला सांगितलंय, तो म्हणतो किती दिवस लागतील देव जाणे, पण २२एला ती लागेलसं दिसत नाही.

आता एक अडचण. सकाळी साडेनऊचा वर्गात बसून शिकायचा सेक्शन मुलीच्या शाळेच्या वेळेत बरोब्बर बसतोय पण तो भरलाय, वेटलिस्टवर बरीच मागे आहे मी. ऑनलाइनवाल्यात जागा दिसतेय. तो घेऊन टाकू का? आणि मुलीला पोचवून तिथे पार्किंग मिळतं का त्या वेळी?

---

प्रेषक: क्युपर्टिनोची ताई

ऑनलाइन घेऊ नको पहिल्यांदा. घरी लॅपटॉप उघडलास की कुकरची शिट्टी होणार, सासूबाईंचा फोन येणार. वेटलिस्टवरच थांब, पहिल्या आठवड्यात बरीच मुलं गळतात. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन पुढच्या बाकावर बस, हजेरी झाली की प्रोफेसरना सांग वेटलिस्टवर आहे, ॲड कोड (वर्गात नाव घालायचा नंबर) द्याल का. ते देतात, फक्त तो कोड मिळाल्यावर मुदतीच्या आत पोर्टलवर जाऊन टाकायचा, खिशात ठेवून घरी यायचं नाही. नाहीच झेपलं तर साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत ड्रॉप केलं की ट्रान्स्क्रिप्टवर काही उमटत नाही, त्यानंतर डब्ल्यू (विथड्रॉवल, कोर्स सोडल्याची नोंद) लागतो. नक्की तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये बघून फ्रिजवर लावून ठेव.

पार्किंग पहिले दोन आठवडे मिळणार नाही, अर्धा तास आधी नीघ. मंगळवार-गुरुवार मी तिकडूनच ऑफिसला जाते, मुलीची शाळा कुठली ते मला वेगळ्या मेलवर कळव, वाटेत असेल तर उचलते तुला.