बुलेटच्या पुढच्या फोर्कचे सील वारंवार गळते: पाइप बदलावा की हार्ड क्रोम करून घ्यावा?

प्रश्न (यावल)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी 1978 साली घेतलेली बुलेट 350 आहे. वडील आता नाहीत. गाडी मात्र मी रोज केळीच्या मळ्यापर्यंत आणि आठवड्यातून एकदा भुसावळपर्यंत नेतो. गेल्या दिवाळीपासून डाव्या फोर्कमधून (पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या दोन पायांपैकी डाव्या पायातून) तेल गळू लागले. इथल्या कारागिराकडून ऑइल सील बदलून घेतले, ते तीन महिने टिकले. दुसऱ्यांदा बदलले, ते जेमतेम पाच आठवडे. त्या वेळी गाडी पुढून फार नरम लागते अशी तक्रार मी केली होती, म्हणून कारागिराने तेल नेहमीपेक्षा थोडे जास्त भरले. आता तेल ओघळून चाकाच्या ड्रमपर्यंत पोहोचते आणि ब्रेकच्या लायनरला लागेल अशी धास्ती वाटते.

बाजारात नवे फोर्क पाइप मिळतात, परंतु जुना मूळ पाइप टाकून द्यायला मन होत नाही. आता पूर्ण फोर्क उघडून नीट बांधायचा ठरवला आहे. पाइप बदलावा की हार्ड क्रोम (पाइपवर क्रोमचा जाड, टणक थर) करून घ्यावा, आणि उघडल्यावर नेमके काय काय तपासावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर 1 (भुसावळ)

भाऊ, मी तीस वर्षे लेथवर काम केले आहे आणि जुन्या गाड्यांचे फोर्क पुष्कळ वेळा हातांखालून गेले आहेत. एकाच बाजूचे सील दोनदा गेले, म्हणजे दोष सीलमध्ये नाही असे धरून चला. सील हे रबराचे ओठ आहेत. ते ज्या पृष्ठभागावर घासतात तो पृष्ठभाग खराब असेल तर जगातले सर्वांत चांगले सीलसुद्धा टिकणार नाही.

पाइप बाहेर काढल्यावर रॉकेलने स्वच्छ करून पूर्ण कोरडा करा. मग सावलीत नव्हे, तर दुपारच्या उन्हात तो हळूहळू फिरवत पाहा. क्रोमवर तपकिरी ठिपके दिसतील. त्यांवरून अंगठ्याचे नख फिरवा. नख अडले की तिथे खड्डा आहे हे समजावे. डोळ्यांना न दिसणारा खड्डा शोधण्याचा आपल्याकडचा उपाय म्हणजे सरकीतून काढलेला साधा कापूस. त्याचा सैल पेळू पाइपभोवती गुंडाळून वरून खाली ओढा, जिथे खरखरीत असेल तिथे तंतू अडकून राहतात. त्या प्रत्येक जागेभोवती पेन्सिलीने गोल काढा.

त्यानंतर गोल कुठे पडले आहेत ते पाहणे महत्त्वाचे. फोर्क पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण सुटल्यावर सीलचे ओठ पाइपच्या जेवढ्या भागावरून फिरतात, तेवढाच भाग गळतीच्या दृष्टीने मोलाचा आहे. खालच्या टीच्या (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या आडव्या ब्रॅकेटच्या) आत झाकलेल्या भागावर गंज असेल तर तो गळतीला कारणीभूत नसतो. तो पुसून, ग्रीसचा हात फिरवून सोडून द्यावा. फिरण्याच्या पट्ट्यात एखादाच बारीक खड्डा असेल तर त्यात इपॉक्सी भरून, पूर्ण सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने तेलाच्या हाताने सपाट करता येते. हा उपाय वर्षभराचा समजावा, कायमचा नव्हे. ठिपक्यांची रांगच असेल तर क्रोमला पर्याय नाही.

आणखी एक तपासणी कुणी करत नाही, ती आवर्जून करा. पाइप दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) ठेवून मध्यभागी डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापक) लावा आणि एक पूर्ण फेरा द्या. सुई एकूण जेवढी हलते त्याच्या निम्मा वाक असतो. बहुतेक वेळा वाक खालच्या टीच्या लगेच खाली सापडतो, कारण खड्ड्यात चाक आपटल्यावर सगळा ताण तिथेच येतो. हलका वाक हायड्रॉलिक प्रेसवर काढता येतो, पण पाइपला घडी किंवा चीर दिसली तर तो पाइप मायेपोटीसुद्धा परत बसवू नये.

उत्तर 2 (धुळे)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त जास्त तेलाचा मुद्दा राहून गेला आणि माझ्या मते दुसरे सील पाच आठवड्यांत जाण्याचे निम्मे कारण तेच आहे. फोर्क दबतो तेव्हा आत कोंडलेल्या हवेची जागा कमी होते. तेल जितके जास्त, तितकी हवेची जागा आधीच लहान, आणि खड्ड्यात फोर्क खोल दबला की दाब एकदम चढून तेल सीलच्या ओठांतून बाहेर ढकलले जाते. गाडी कडक झाल्यासारखी वाटते खरी, पण ती कडकपणा नसून कोंडलेली हवा असते.

गाडी नरम लागत असेल तर आधी स्प्रिंग तपासावी. दोन्ही स्प्रिंगा फरशीवर शेजारी शेजारी उभ्या करा. एक बुटकी दिसली तर दोन्ही एकत्र बदला, एकटी कधीही नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तेल पातळ होऊन फोर्क झोके घेऊ लागतो. तरीही तेलाचे प्रमाण वाढवू नये, हवा तर ग्रेड एक पायरी घट्ट घ्यावा. मात्र घट्ट तेल फोर्कला दबतानाही अडवते आणि सुटतानाही, त्यामुळे फार घट्ट तेलाने लहान खड्डे थेट मनगटांत जाणवतात. पुस्तिकेत दिलेले प्रमाण औषधाच्या मापाच्या नळीने मोजून दोन्ही पायांत तंतोतंत सारखे घाला. पूर्ण उघडून धुतलेल्या फोर्कला नुसते तेल बदलताना लागते त्याहून थोडे अधिक लागते, कारण एरवी जुने तेल आतच चिकटून राहिलेले असते.

प्रश्नकर्ता (यावल)

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी फोर्क उघडला. कापसाची युक्ती अचूक ठरली. डाव्या पाइपवर पुढच्या बाजूला, सीलच्या वाटेवरच, तांदळाच्या कणीएवढे सात खड्डे एका उभ्या रेषेत आहेत. बहुधा मळ्यातल्या काळ्या मातीचा ओला गाळ तिथे आठवडेच्या आठवडे चिकटून राहिला असावा. उजवा पाइप स्वच्छ आहे. डायल गेजची सुई डाव्यावर एकूण 0.30 मिमी हलली, म्हणजे वाक 0.15 मिमी. सील काढले तेव्हा त्याच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाच्या दोन खुणा स्पष्ट दिसल्या. आता क्रोमवाल्याला नेमके काय सांगावे?

उत्तर 1 (भुसावळ)

क्रोमचे दोन प्रकार आहेत. हँडल आणि सायलेन्सर चकाकवणारा शोभेचा क्रोम हा निकेलवरचा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ थर असतो, तो इथे निरुपयोगी आहे. तुम्हाला हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर करतात तो हार्ड क्रोम हवा. आधी प्रेसवर वाक काढावा, मग जुना थर उतरवून, खड्डे जाईपर्यंत ग्राइंडिंग करून, त्यावर जाड थर चढवून पुन्हा मूळ मापापर्यंत ग्राइंडिंग करावे, हा क्रम त्यांना लेखी द्या. शेवटचे ग्राइंडिंग गाळणारे लोक भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. माप म्हणून तुमचा चांगला उजवा पाइप सोबत न्या आणि मायक्रोमीटर त्यांच्यासमोरच लावा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगचे काम जाणणारे लोक आहेत, तिथे आधी चौकशी करा.

सीलवरच्या खुणा पाहून वाईट वाटले. सील कधीही टोकदार वस्तूने ठोकू नये. त्याच्याच व्यासाचा पाइपचा तुकडा किंवा लेथवर वळलेले नायलॉनचे कडे वापरून सरळ दाबावे. सीलच्या ओठाला बारीक गोल स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे असावी. पाइपच्या टोकाला आटे असतात, त्यांवर प्लास्टिकची पातळ पिशवी ताणून मगच सील सरकवावे, नाहीतर ओठ पहिल्याच मिनिटाला कापला जातो. सील ज्या आटेदार घरात बसते ते फिरवायला पाइपपाना लावू नका, रबरी पट्ट्याचा पाना लावा. या गाडीचे बरेच आटे इंची आहेत, तेव्हा हरवलेल्या बोल्टच्या जागी मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने घालू देऊ नका.

उत्तर 2 (धुळे)

बांधताना एक गोष्ट लक्षात असू द्या. मडगार्डच्या पट्ट्या आधी घट्ट करू नयेत; पट्टी जराशी वाकडी असली तरी ती पाइपवर सरकणाऱ्या खालच्या नळ्याला एका बाजूला ओढते आणि फोर्क वर-खाली होताना अडकतो. एक्सल बसवून सगळे सैल ठेवा, गाडी खाली उतरवा आणि हँडल धरून फोर्क दहा-बारा वेळा पूर्ण दाबून सोडा. नळे आपली जागा आपण घेतात. मग वरच्या टोप्या, खालच्या टीचे बोल्ट, मडगार्ड आणि सर्वांत शेवटी एक्सलच्या टोप्या, असे आवळत जा. ब्रेक लायनरला तेल लागले असेल तर ते धुऊन वाचत नाही, बदलूनच टाका.

प्रश्नकर्ता (यावल)

क्रोम करून पाइप काल हातात आला. उजव्याच्या शेजारी ठेवून मायक्रोमीटर लावले, दोन्हींचे माप एकच आले. लायनर नवे घेतले आहेत. येत्या रविवारी बांधतो आणि महिनाभर रोज संध्याकाळी सीलखाली पांढरे फडके फिरवून काय दिसते ते इथे कळवतो.