अनुभव धागा: जुनी मिनीव्हॅन, चेक इंजिनचा दिवा आणि घरच्या घरी शोधाशोध

काल बहिणीच्या गाडीत बसले, डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा दिसला आणि आमची जुनी मिनीव्हॅन आठवली. मुलं लहान असताना अर्धा संसार त्या गाडीत असायचा. दिवा लागला की पोटात गोळा यायचा. मग छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणला, स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये खोचला. कोड आला पी0171, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. जो तो म्हणे ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदला. आम्ही आधी बॉनेट उघडून कान लावला. आयडलिंगला बारीक फुस्स आवाज! इनटेकमागची (इंजिनात हवा नेणाऱ्या भागामागची) रबरी नळी वरून धडधाकट, पण बोटांनी वाकवली तर खालच्या अंगाला लांब चीर. नळी बदलली, दिवा गेला. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. तुम्ही काय काय शोधलंत घरी? लिहा ना.

—

पेट्रोल टाकीचं झाकण!! पी0455, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती. आतल्या रबरी कड्याला तडे. नवीन लावलं तरी दिवा लगेच विझत नाही हं, काही दिवस गाडी चालवावी लागते.

—

आमची व्ही6, म्हणजे सहा सिलिंडर दोन रांगांत. कोड पी0302, दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट जळत नाही. दुसऱ्या सिलिंडरची कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) चौथ्याला लावली, चौथ्याची दुसऱ्याला. कोड झाला पी0304, म्हणजे मिसफायर चौथ्यात गेला. म्हणजे प्लग नाही, इंजेक्टर नाही, कॉईलच गेलेली. नशिबाने पुढची रांग होती. मागची फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) चिकटलेली, तिथे पोचायला अख्खं इनटेक उतरवावं लागतं. ते घरी करणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

—

दादा, मागच्या रांगेचं अगदी पटलं. आमच्याकडे लेकीचे हात बारीक, तीच जाते आत. आता मलाच सांगते, बाबा टॉर्क रेंच द्या.

—

अरे वा, कौतुक सांगा तिला! पुढे काय करायचं म्हणतेय?

—

मेकॅनिकलच म्हणतेय. बघू.

—

घाईत लिहितोय. दिवा स्थिर असेल तर सावकाश शोधा. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, कृपया. मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं, तो आतून वितळू शकतो. कॉईलच्या कितीतरी पट खर्च.

—

पी0420 (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा कोड) आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नका हो. स्कॅनरवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख बघा. पुढचा जुन्या पद्धतीचा असेल तर साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो, मागचा जवळजवळ स्थिर हवा. मागचाही तसाच नाचत असेल तर कन्व्हर्टर दमलाय. त्याआधी एक्झॉस्टच्या जोडांवर काजळीचा पट्टा आहे का बघा. गळतीतून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सर फसतो. आणि इंजिन चालू ठेवून तपासणार असाल तर गाडी मोकळ्यावर काढा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको.

—

बॅटरीची तार काढली तरी दिवा जातो ना?

—

जातो ताई, पण मूळ दुखणं तसंच राहतं. शिवाय रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) कोरे होतात, ते भरेपर्यंत धुराच्या चाचणीत गाडी अडते. आणि पुसण्याआधी स्कॅनरवरच्या फ्रीझ फ्रेमचा फोटो काढाच! दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम, वेग किती, लोड किती, सगळं त्यात असतं. भावाच्या गाडीत बराच वेळ हायवेला चालवूनही कूलंट थंडच दिसत होतं. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडा अडकलेला. कोड पी0128.

—

बाबा लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजेक्टरची टिकटिक ऐकायचे. धागा वाचून फार आठवण आली त्यांची.

—

❤️ आमचे काकाही असंच करायचे.

—

आमची 1994 ची आहे. सॉकेटच सापडत नाहीये, स्कॅनर हातात घेऊन बसलेय.

—

अमेरिकेत ओबीडी-2 (हे सॉकेट आणि कोड ज्यात येतात ती पद्धत) सक्तीचं झालं 1996 च्या मॉडेलपासून, तुमची त्याआधीची. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत ठराविक पिना तारेने जोडायच्या आणि दिवा कितीदा लुकलुकतो ते मोजायचं. पिना कुठल्या ते मॅन्युअलमध्ये बघूनच करा, अंदाजाने नको.

—

मॅन्युअल माळ्यावर असेल. मुलाला चढवते.