फाशीआधी मेंदूची चाचणी: न्याय की पळवाट?

कोरा_कागद:
इंदूरच्या तिहेरी खुनाच्या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, फाशी होऊ शकेल अशा खटल्यात आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल सरकारने सत्र न्यायालयातच द्यावा. मला नाही पटत. खून करताना डोकं शाबूत, अन् शिक्षेच्या वेळी अधू? मेलेल्यांचा अहवाल कोण मागतं?

जुनाट_वकील:
गल्लत होतेय. वेडाचा बचाव वेगळा, जुनं ८४ कलम, आता न्याय संहितेचं २२. तो टिकला तर आरोपी निर्दोष. इथे तो दोषीच आहे, प्रश्न फक्त फाशी की जन्मठेप. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी गंभीर मानसिक आजारामुळे रद्द झाली. सुटला का? नाही. मरेपर्यंत तुरुंग.

कोरा_कागद:
आणि नाटक केलं तर? मुद्दाम चुकायला काय लागतं!

स्टॉपवॉच:
तुरुंगात नाही, पण रुग्णालयात मी या चाचण्या घेते. नाटक पकडायचीही चाचणी असते. ५० चित्रं दाखवायची, मग एक जुनं, एक नवं अशा जोड्या दाखवून प्रत्येक जोडीतलं आधी पाहिलेलं कोणतं ते विचारायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी पंचविसेक बरोबर येतात. दहाच आले, तर गड्याला उत्तरं माहीत होती!

माझी काळजी निराळी आहे. आवेगावरचा ताबा मोजणाऱ्या स्ट्रूप चाचणीत 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत असतो आणि सांगायचा असतो शाईचा रंग. वाचता येणारा अडखळतो. निरक्षराला ती नुसती नक्षी, तो धडाधड सांगतो. अहवालात काय, तर 'आवेगावर ताबा उत्तम'. उलट बुद्ध्यंकाच्या चाचणीत शाळा न पाहिलेला शहाणा माणूसही मंद ठरू शकतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने निरक्षरांसाठी वेगळे निकष काढलेत. ते वापरले का, हे कोर्टात कुणी विचारतं?

कोरा_कागद:
म्हणजे चाचणी बेभरवशाची. हेच म्हणतोय मी.

स्टॉपवॉच:
जाड दंडाला लहान पट्टा बांधला की रक्तदाब चुकीचा येतो. म्हणून मोजायचाच नाही का?

धुळीचा_रस्ता:
अमेरिकेतल्या फ्लोरिडात मंदबुद्धी म्हणून मृत्युदंडातून वाचायला बुद्ध्यंकाची ७० ची रेघ होती. एकाला ७१ मिळाले, तर बाकीचा पुरावा ऐकायलाच नकार. चाचणीत पाचेक गुण इकडेतिकडे होतातच. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रेघ पुसली.

मी फाशीच्या विरोधातला, तरी मेंदूच्या आधाराने दया मागायला बिचकतो. आज 'आवेग आवरणारा कपाळामागचा भाग कमकुवत, म्हणून सोडा'. उद्या दुसरा वकील तोच अहवाल फडकवून म्हणेल, 'हा सुधारणारच नाही'.

जुनाट_वकील:
हे खरंय. असा अहवाल मी स्वतःहून दाखल करताना दहादा विचार करीन.

कोरा_कागद:
बघा, तुम्हीच कचरताय! आणि सरकारने मागवायचा म्हणता, तर जिल्ह्याच्या गावी तो निरक्षरांचे निकष लावून लिहिणार कोण?

स्टॉपवॉच:
आमच्या जिल्ह्यात? मी धरून दोघी.