मेटल डिटेक्टरला छोटी कॉईल घेऊ का? शिवाय किनाऱ्यावरून आल्यापासून तो उगीच वाजतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जाणकारांनी कृपया मदत करावी. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल.

बाबांची सोन्याची अंगठी आमच्या जुन्या घराच्या परसात पडली, त्याला बरीच वर्षं झाली. आता बाबा नाहीत, घरही पाडलंय. जागा दुसऱ्याच्या ताब्यात जायच्या आधी ती अंगठी शोधायची, एवढंच मनात आहे. त्यासाठी मुद्दाम डिटेक्टर घेतला. व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेवर चालणारा) प्रकारचा आहे, सोबत ११ इंची डीडी कॉईल आली, म्हणजे जमिनीलगत फिरवायची चकती, जिच्यात इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असतात.

परसात खिळे, पत्र्याचे तुकडे, तारा, बाटल्यांची झाकणं यांचा नुसता सडा पडलाय. कॉईल वीतभर सरकवली तरी चार आवाज एकमेकांत मिसळून येतात. लोखंड गाळायची सेटिंग लावली की मशीन शांत होतं, पण मग खिळ्याला खेटून अंगठी असेल तर तीही दबून जाणार, ही धास्ती.

त्यात मागच्या महिन्यात सराव व्हावा म्हणून समुद्रकिनारी घेऊन गेले. तेव्हापासून कॉईल जमिनीला जरा टेकली, गवताला घासली, तरी टुक्‌टुक्‌ सुरू. आल्यावर ओल्या फडक्याने पुसला होता, बाकी काही केलं नाही.

आता ५-६ इंची कॉईल घेऊ का? डीडीच घ्यावी की कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळ्यांची)? दुसऱ्या कंपनीची चालते का? छोटीने खोली किती कमी होते? आणि हे उगीच वाजणं म्हणजे आहे ती कॉईल गेली का?

प्रतिसाद १

ताई, नवीन कॉईल मागवायच्या आधी आहे तिच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर काढून बघा. बहुतेक दुखणं तिथेच असेल. कव्हर आणि कॉईलच्या फटीत वाळू आणि खारट ओल अडकते. कॉईलला हादरा बसला की तो थर आत सरकतो आणि मशीनला वाटतं खाली काहीतरी आलं. बाहेरून कितीही पुसलं तरी हे जात नाही.

कव्हर आणि कॉईल दोन्ही साध्या गोड्या पाण्याने धुवा, कडेच्या खाचा मऊ ब्रशने साफ करा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवा. कॉईल पाण्यात चालते म्हणून वरचा पडदा-बटणांचा डबाही चालेल असं समजू नका. पुष्कळ मशीनमध्ये फक्त कॉईलच जलरोधक असते. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं नसेल तर डबा आणि वायरीचं कनेक्टर नळाखाली धरू नका. पेट्रोल, थिनर वगैरे अजिबात नको, त्याने प्लास्टिक खराब होतं. दांड्याचे भाग सुटे करून धुवा, पण तेल लावू नका, तेलाला वाळू चिकटते आणि दांड्याच्या सांध्यांची कुलपं घासत राहतात.

एवढं करूनही वाजला तर बाहेर मोकळ्यावर, विजेच्या तारांपासून लांब, मशीन हवेत स्थिर धरा आणि फक्त वायर हलवा. वाजलं तर वायर किंवा कनेक्टर. वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी. कॉईलजवळ ती वाकण्यापुरती ढील ठेवा, लोंबकळू देऊ नका. आणि कॉईलचा प्लास्टिकचा बोल्ट कधी तुटला तर त्याजागी लोखंडी बसवू नका.

प्रतिसाद २

सफाईचं वर आलंच आहे, मी कॉईलबद्दल लिहितो.

तुमच्या परसासाठी छोटी डीडी घ्या. मोठ्या कॉईलखाली एकाच वेळी अंगठी आणि तीन खिळे येतात, छोटीखाली ते सुटे सुटे येतात. नाण्याएवढ्या वस्तूसाठी खोली ढोबळमानाने कॉईलच्या व्यासाइतकी धरतात, म्हणजे खोली कमी होणारच. पण वर भराव टाकला नसेल तर अंगठी फार खोल असण्याची शक्यता कमी. कॉन्सेंट्रिकचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं. नेमकी जागा दाखवायला ती छान, पण खनिजयुक्त मातीत लवकर गोंधळते. डीडीचं क्षेत्र पात्यासारखं असतं, त्यामुळे ती मातीचा त्रास कमी घेते.

कॉईल तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली हवी. पिन जुळली म्हणजे कॉईल जुळली असं नाही. त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या कॉईलही एकमेकांना चालतील याची खात्री नसते.

सगळ्यात महत्त्वाचं: खाली कसली वस्तू आहे याचा अंदाज म्हणून मशीन पडद्यावर एक आकडा दाखवतं, आणि सोन्याच्या अंगठीचा आकडा बहुतेकदा ॲल्युमिनियमच्या फॉइलने आणि पेयांच्या डब्यांच्या कड्यांनी व्यापलेल्या पट्ट्यातच येतो. 'कचरा नको' म्हणून तो पट्टा गाळलात तर अंगठीच गाळाल. घरात तशाच वजनाची, तशाच मापाची अंगठी असेल तर ती मोकळ्या जमिनीवर ठेवून आकडा लिहून घ्या, आणि मग त्याच्या आसपासचं सगळं खणा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

फावडं कॉईलपासून लांब ठेवा, लोखंडी टोकाचे बूटही नकोत. १८८१ साली ग्रॅहम बेलने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच तत्त्वाच्या यंत्राने शोधून पाहिली होती. ती सापडली नाही, आणि गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ केला असं मानलं जातं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कव्हर काढलं तर आतून मूठभर वाळू निघाली, अजून ओलसर! खाचेत पांढरं मीठ जमलं होतं. धुऊन, दोन दिवस वाळवून आज परसात नेला. टेकल्यावर वाजणं पूर्ण थांबलंय. वायर सैल होती, तीही नीट गुंडाळली.

आईची अंगठी बाबांच्याच जोडीची आहे. ती अंगणात ठेवून पाच-सहा वेळा कॉईल फिरवली, आकडा ५४ ते ५७ मध्ये येतोय. शेजारी खिळा ठेवला की मात्र ११ इंची कॉईलवर तो आकडा खाली-वर उड्या मारतो, त्यामुळे मॉडेलची खात्री करून ६ इंची डीडी मागवली आहे. ती येईपर्यंत परसात दोऱ्या बांधून हातभर रुंदीचे पट्टे आखतेय आणि वरवरचा पत्रा-खिळे वेचून बादलीत टाकतेय. विहिरीकडच्या बाजूपासून सुरुवात केली आहे, बाबा तिथेच हात धुवायचे.