नव्वदीचे स्केटिंग ड्रेस: चमकी काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

उसवण
परवा या फोरमवर काटकोन यांनी लिहिलं, "नव्वदच्या दशकातलं फिगर स्केटिंग बघवत नाही. बँडवाल्यांचे कोट उसवून फ्रॉक शिवल्यासारखे कपडे. खेळ आहे की वरात?" खाली सगळ्यांनी दात काढले. मी दोन दिवस गप्प बसले. आज रविवार, कुकर लावलाय, आता उत्तर ऐका.

पहिलं म्हणजे, हे ड्रेस सहा इंची मोबाइलवर बघायला शिवलेले नव्हते. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद बर्फ, खालून-वरून पांढरा उजेड, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मुलगी गिरकी घेताना हात कुठे, पाठ कुठे हे कळायला हवं. फिका सुती ड्रेस तिथे घाला, साबण पाण्यात विरघळावा तशी बाई दिसेनाशी होईल. तुमच्या लग्नातला शालू तरी सकाळच्या उन्हात बघायला घेतला होता का?

दुसरं, नियम काय होता? १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकला पूर्व जर्मनीची स्केटर कॅटरिना विट निळ्या, पिसांच्या, कमरेखाली जेमतेम झालर असलेल्या ड्रेसमध्ये उतरली. गहजब झाला. त्यानंतर बायकांना नितंब झाकणारा स्कर्ट सक्तीचा झाला. लोक त्याला 'कॅटरिना नियम'च म्हणायचे, आणि तो २००४पर्यंत टिकला. म्हणजे अख्खं नव्वदीचं दशक बाईला पँट घालून स्पर्धेत उतरायची मुभा नव्हती. खालचा भाग नियमाने बांधून टाकला, मग शिवणाऱ्याने कसब दाखवायचं कुठे? गळा, पाठ, बाह्या. म्हणून ती अंगाच्या रंगाची जाळी, म्हणून ते चमकते खडे. तुम्ही हसताय ते ड्रेसला, पण तो आकार दिलाय नियमाने.

आणि सगळं भडक होतं हेही खोटं. १९९२ला क्रिस्टी यामागुचीचा काळा-सोनेरी बघा, किंवा १९९४ला लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये नॅन्सी केरिगनचा शॅम्पेन रंगाचा. फॅशन डिझायनर वेरा वँगने केलेला. वेरा वँग स्वतः लहानपणापासून स्केटिंग केलेली बाई, त्यामुळे हात वर गेला की शिवण कुठे खेचेल हे तिला चित्र काढायच्या आधीच माहीत. खडे साडेअकरा हजार म्हणतात, तरी दिसतो कसा? ओल्या अंगासारखा. ही वरात?

काटकोन
वा. माझ्या दोन ओळींना एवढा निबंध! आभारी आहे.

वरातच. १९८४ला साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये स्कॉट हॅमिल्टन साध्या, अंगाला बसणाऱ्या सूटमध्ये उतरला. चमकी नाही, झालर नाही. स्पीड स्केटिंगवाले घालतात त्या धर्तीचा. मुद्दाम. हा खेळ आहे हे दाखवायला. सुवर्णपदक घेऊन गेला. दहा वर्षांनी काय? फिलिप कँडेलोरो गॉडफादर होऊन उतरतोय, आणखी चार वर्षांनी मस्केटियर होऊन हवेत तलवार फिरवतोय. दोन्हीदा कांस्य. प्रदर्शनात तर शर्टच काढायचा, म्हणजे तो ड्रेसचा प्रश्न परस्पर सोडवायचा!

आणि खरा मुद्दा तुम्ही शिताफीने टाळलात. तेव्हा दोन गुण असायचे, एक उड्या-तंत्राचा, दुसरा कलेचा. या दुसऱ्या गुणात ड्रेस शिरतो. लिलेहॅमरची अंतिम फेरी ५ विरुद्ध ४ मतांनी नॅन्सीच्या हातून ओक्साना बायुलकडे गेली. जर्मन परीक्षक यान हॉफमनकडे दोघींची बेरीज सारखी, आणि बरोबरी सुटली ती कलेच्या गुणावर. गुलाबी ड्रेस, पिसांची किनार, सोळा वर्षांचं कोवळं पोर. आता सांगा, कपडे मोजले गेले नाहीत म्हणून.

सुईदोरा
काटकोन, तुमच्याच उदाहरणाने तुम्ही हरलात की हो. महागडा वेरा वँगवाला हरला ना तिथे! कपड्याने गुण मिळत असते तर उलट झालं असतं.

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं भरतनाट्यमचे आणि गॅदरिंगचे ड्रेस शिवतेय. ताणणारं कापड शिवणं म्हणजे काय हे बोलणाऱ्यांना ठाऊक नसतं. ओढून शिवलं तर लाटा येतात, सैल शिवलं तर पहिल्या उडीत शिवण सुटते. खडा चिकटवायचा तर कापड ताणून धरून, नाहीतर अंगात घातलं की टपाटप गळतात. बर्फावर एक खडा पडला आणि पातं त्यावर गेलं की संपलं. १९९३च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत टोन्या हार्डिंगच्या ड्रेसचा मागचा हूकच निघाला, तिला पुन्हा सुरुवात करू दिली. आमच्याकडे कुणाचा हूक निघाला की आई थेट दुकानात येते भांडायला. आणि पैसे? ठरलेल्यातले पाचशे कापून. मग ताई, माझी मुलगी वाढलीय हो दोन महिन्यांत! दोन महिन्यांत मुलगी वाढते हे मला का आधी सांगत नाहीत?

भिंग
@सुईदोरा, पाचशेचं दुःख वेगळ्या धाग्यात मांडा.
@काटकोन, हॉफमनची गोष्ट बरोबर. पण कलेचा गुण म्हणजे ड्रेसचा गुण नव्हे. संगीताशी मेळ, वेग, जागेचा वापर, सगळं त्यातच. बायुलच्या हातांकडे बघा, ड्रेसकडे कुणाचं लक्ष जातं?

काटकोन
माझं.

बर्फातली_बाय
मी टोरांटोहून. मुलगी नऊ वर्षं रिंकवर आहे, त्यामुळे ड्रेसच्या चर्चेत मला बोलायचा हक्क आहे असं समजते.

सगळे जाळीबद्दल हळवे होताय, पण ती जाळी कुणाच्या अंगाच्या रंगाची? "अंगासारखी दिसते" म्हणे. कुणाच्या? आमच्या पहिल्या ड्रेसला जाळी आली ती फिकट पीच. लेक माझ्यासारखी सावळी. तिने घातला आणि पाठीवर कोड असल्यासारखं दिसायला लागलं. शिवणारी बाई म्हणाली, "स्टँडर्ड शेड." मी घरी चहाच्या पाण्यात ती जाळी तीनदा रंगवली. तिसऱ्यांदा पावडरीचा आणि चहाचा मिळून असा वास यायला लागला की रिंकवर पुढची मुलगी विचारते, बिस्किटं आहेत का?

टाइट्सचंही तेच, त्यांच्या रंगाचं नाव 'सनटॅन', म्हणजे कुणाचं टॅन? आणि उसवण यांनी बायकांना पँट नाही हे सांगितलं, पण १९८८ला कॅलगरीत शॉर्ट प्रोग्राममध्ये, म्हणजे स्पर्धेच्या छोट्या फेरीत, डेबी थॉमस युनिटार्ड, म्हणजे अंगभर चिकटून बसणारा एकसंध पोशाख, घालून उतरली होती हे सोडलं. हिवाळी ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. त्या नियमाने पँट बंद झाली, म्हणजे जाळी आणि टाइट्स दिसायलाच हवेत अशी सोय झाली. हा योगायोग असेल. मी आपलं विचारतेय.

काटकोन
आता यातही वर्णद्वेष! मी चमकीबद्दल बोलत होतो. चहाच्या वासावर कसे आलो? प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायचा म्हटलं तर दुधाच्या पिशवीतही सापडेल.

गुलमोहर
काटकोन, तुम्हाला "स्किन कलर" मागून बघा ना दुकानात. मला बघू द्या, तुमचा रंग कोणता? मी गेल्या महिन्यात लेकीच्या लावणीसाठी आतून घालायला स्किन कलरची बाही मागितली. दुकानदाराने गाजराच्या रंगाची दिली. म्हटलं दादा, हा रंग कुणाचा? म्हणे, "मॅडम, सगळे हाच नेतात." महाराष्ट्रात, जिथे निम्मा गाव उन्हात राबतो! बर्फावरचं लांब राहिलं.

दहा_पैसे
+१. आमच्या शाळेत गॅदरिंगला सगळ्या मुलींना एकच पावडर लावायचे. मी घरी आले तर आजीने विचारलं, कुणाला भेटायला गेली होतीस, भुताला?

सुईदोरा
मी दुकानात आठ छटा ठेवते. आठ! गिऱ्हाईक येतं आणि पोरीच्या मनगटाला लावून न बघताच म्हणतं, "थोडी गोरी दाखवा." गोरी जाळी. मग तक्रार कुणाबद्दल, दुकानदाराबद्दल की आईबद्दल?

बर्फातली_बाय
सुईदोरा, हे मला उद्देशून असेल तर मी चहात रंगवली, गोरी मागितली नव्हती.

सुईदोरा
तुमच्याबद्दल कोण बोललं? मनाला लागलं असेल तर तो तुमचा प्रश्न.

भिंग
दोघी थांबा. फ्रान्सच्या कृष्णवर्णीय स्केटर सूर्या बोनालीचा विषय कुणीच काढला नाही. १९९२ला तिचे ड्रेस फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ लाक्रुआने केले. पाच वेळा युरोपची विजेती. जागतिक स्पर्धेत १९९३, ९४, ९५ तिन्हीदा रौप्य. १९९४ला जपानमध्ये चिबात ती व्यासपीठावर उभी राहायला तयार नव्हती, पदकही काढून टाकलं. म्हणजे मोठ्या फॅशन घराचा ड्रेस असूनही परीक्षकांनी सुवर्ण दिलं नाही. आता दोन्ही बाजूंनी तिचं नाव वापरा.

काटकोन
पाहा! ड्रेसने गुण मिळत नाहीत म्हणता, आणि हिला ड्रेस असूनही मिळाले नाहीत म्हणून रडता. ठरवा एकदाचं.

बर्फातली_बाय
ड्रेसने गुण मिळतात ते कुणाला शोभेल असं आधीच ठरलेलं असतं. एवढंच म्हणणं आहे. १९९८ला नागानो ऑलिंपिकमध्ये बोनालीने बंदी असलेली मागची कोलांटी मारली, एका पायावर उतरली, आणि दहावी आली. बंदी १९७०च्या दशकापासूनची, उठली २०२४ला. ड्रेस निळा होता तेवढा लक्षात आहे.

उसवण
मी तास-दोन तास बाहेर गेले आणि माझा धागा रंगाच्या डब्यात बुडाला.

काटकोन, कलेच्या गुणात ड्रेस शिरत होता हे मी नाकारत नाही. शिरतो, जसा मुलाखतीत इस्त्रीचा शर्ट शिरतो. तुम्ही मात्र इस्त्रीलाच शिव्या घालताय. टोन्याचे ड्रेस आई घरी शिवायची, आणि त्याकडे कोण कसं बघायचं हे तिनेच नंतर सांगितलंय. तुम्हाला टोचायलाच हवं तर पैशाला टोचा. नॅन्सीचे वडील वेल्डर. तिचा ड्रेस वँगने दिला, किंमत तेव्हा १३,००० डॉलर सांगायचे. देणारी नसती तर तिलाही घरचीच सुई.

बाय, युनिटार्डचं माझं राहिलं, मान्य. पण 'योगायोग असेल' म्हणत टाकलेल्या काडीला मी पुरावा मानणार नाही. विटच्या ड्रेसवर आरडाओरड झाली म्हणून तो नियम आला, हे वर लिहिलंय.

काटकोन
पैशाला टोचा म्हणताय, म्हणजे वरातच होती हे मान्य केलंत. नवरदेव गरीब असला तरी बँड लागतोच. आभार.

उसवण
नाही केलं. पण तुमच्या दृष्टीने आभार मानायची वेळ आली असेल तर मी अडवणार नाही.

काटकोन
जाता जाता एक. काल रात्री यामागुचीचा १९९२चा कार्यक्रम पुन्हा बघितला. तो काळा-सोनेरी. खडे कमी आहेत. एवढंच.

सुईदोरा
खडे कमी नाहीत, बारीक आहेत. फरक शिवणाऱ्याला कळतो. आणि मुलीचं माप घेताना दोन इंच शिवणीत सोडायला सांगा, दर वेळी माझ्याच गळ्यात पडतं.