मदत हवी आहे: पुतण्या मुद्दाम आगी लावतोय, डॉक्टर सुचवा

सिडकोकर: नाशिकात चांगला मानसोपचारतज्ज्ञ सांगा, लवकर. पुतण्या आगी लावतो. आधी डस्टबिनमधले कागद, मग टेरेसवरची जुनी गादी, आणि परवा पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या अ‍ॅक्टिव्हाचं कव्हर, ते वितळून सीटलाच चिकटलं. वर 'आग आग' ओरडत बादली घेऊन पहिला धावला तोही हाच! सोसायटीवाले पोलिसात जायचं म्हणतायत. नेटवर याला पायरोमेनिया म्हणतात. गोळ्या असतात का?

गोदाकाठ: वय सांगा ना आधी!

सिडकोकर: 13. वयाचं काय करायचंय, नाव सांगा.

क्राईमवेडा: अंथरूण ओलं करतो का? कुत्र्यामांजरांना छळतो का? तिन्ही असलं तर पोरगं पुढे सीरियल किलर होतं.

गोदाकाठ: घाबरवू नका हो त्यांना. ते तीन लक्षणांचं म्हणणं मॅकडोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं, 1963 चं, पुढच्या अभ्यासांत नीट टिकलं नाही. आणि खरा पायरोमेनिया फार दुर्मिळ. त्यात आधी आतून ताण चढतो, पेटवलं की मोकळं वाटतं, पण राग, बदला, पैसा असलं कारण नसतं. रागातून लावली तर ते निदानच बसत नाही. घरात काही झालंय का?

रानभैरी: आपल्या डोंगरांना उन्हाळ्यात वणवे लागतात ते काय पायरोमेनियाने? गवत चांगलं येतं म्हणून लोकच पेटवतात, आम्ही लावलेली रोपं जातात. त्यांना धरा आधी.

मौनी: इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. माझी सिगारेट सुटली.

गोदाकाठ: 13 वर्षांच्या पोराला 10 दिवस गप्प बसवणार?

मौनी: मुलांची वेगळी शिबिरं असतात. माहिती नसताना बोलू नये.

विमावाला: गाडीचा फक्त थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल तर आगीचा क्लेम मिळत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतो.

सिडकोकर: क्लेमचं कोणी विचारलं?? आणि घरात काही नाही. भाऊ-वहिनी दिवाळीपासून वेगळे राहतात, पोरगं आमच्याकडे. गादी भावाचीच होती. पण त्याचा काय संबंध?

गोदाकाठ: अहो, हे शेवटी सांगता! लहान मुलांचा सायकियाट्रिस्ट बघा, गोळीचा हट्ट धरू नका, समुपदेशन जास्त लागेल, आईबापांसकट. तोवर लायटर, काडेपेटी कुलपात, देवघरातलीसुद्धा. टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर आत्ता फोन करा, फुकट आहे. पोलिसांचं म्हणाल तर 18 च्या आतलं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, कोठडीत नाही.

सिडकोकर: भाऊ फोन उचलत नाही. वहिनी एकटी आली तर चालेल?

गोदाकाठ: चालेल. उद्याच न्या.