फॉन्ट असला तरी लिहायचं कसं?

'विंडोजमध्ये मराठी फॉन्ट असतोच, मग वाचनालयाने वेगळं काय करायचं?' या प्रश्नात थोडी भर घालते. फॉन्टमुळे मजकूर दिसतो. कॅटलॉगमध्ये पुस्तक शोधायला टाइप करता यावं लागतं. सार्वजनिक संगणक बरेचदा रीस्टार्ट झाला की मूळ स्थितीत जातो, म्हणजे आपण सेटिंगमध्ये जोडलेला मराठी कीबोर्ड गेला. म्हणून ही सोय मूळ सेटअपमध्येच हवी, टास्कबारवर भाषेचं बटण दिसेल अशी.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय सुरू केलं ते आमचं बडोदं. इथे मराठी आणि गुजराती दोन्ही लागतात. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी. तिच्यात दोन्हींची रचना एकच. 'के'च्या कळीवर मराठीतही क, गुजरातीतही क. एका भाषेत हात बसला की दुसरी फारशी जड जात नाही. कळांवर अक्षरांचे स्टिकर मात्र लावाच, ज्येष्ठ वाचकांना त्यांचा खरा आधार असतो.

आणि चाचणी 'नमस्कार' लिहून घेऊ नका, 'दुसऱ्या' लिहून घ्या. शिफ्ट-जे दाबून ऱ, डी दाबून हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग य. पुष्कळ जण इथेच अडतात. एवढी ओळ छापून मॉनिटरखाली चिकटवा.